आई-बाबा, नवी घड्याळे लावण्याआधी हे पत्र वाचा

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

दोन्ही घड्याळे व्यवस्थित पोहोचली, हे काल फोनवर कळले आणि बरे वाटले. बाबा, तुम्ही लगेच विचारलेत, "याला चावी किती द्यायची? कितीही फिरवली तरी ती अडतच नाही." तेव्हा माझ्या लक्षात आले की डब्यातली माहितीपुस्तिका फारच बारीक अक्षरांत छापलेली आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सरळ सापडणारही नाही. म्हणून मोठ्या अक्षरांत, सावकाश लिहिते आहे.

बाबा, तुमच्या जुन्या घड्याळाला तुम्ही रोज सकाळी चावी देत असा. बोटांना ती घट्ट लागली की थांबत असा आणि तिच्यावर जोर करायचा नाही, हे मलाही तुम्हीच शिकवलेत. त्या घड्याळात मुख्य स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीला पक्के अडकवलेले होते, त्यामुळे स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की चावी अडायची. नवे घड्याळ ऑटोमॅटिक आहे. त्यात स्प्रिंगचे टोक डबीच्या आतल्या भिंतीला फक्त दाबून बसलेले असते आणि ताण पूर्ण झाला की ते हळूच घसरते. हाताने चावी दिल्यावर पुन्हा मनगटाच्या हालचालीनेही चावी बसत राहिली तर स्प्रिंगवर अनावर ताण येऊ नये, यासाठी ही योजना आहे. त्यामुळे ती अडण्याची वाट पाहू नका. मोजून २५ वेळा, घड्याळ मनगटावरून काढून, चावी बाहेर न ओढता आणि घाई न करता फिरवा. हातात असताना चावी दिली तर ती बोटांनी तिरकी ओढली जाते आणि तिची बारीक दांडी वाकण्याची भीती असते.

आता तुम्ही म्हणाल की ऑटोमॅटिकला चावी द्यायचीच कशाला. आत अर्धवर्तुळाकार, जड लोलक असतो. हात हलला की तो फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळतो. दिवसभर चालण्या-फिरण्याच्या माणसाला एवढे पुरते. पण तुमचा बराच वेळ आता वाचनात जातो, आणि वाचताना मनगट जवळजवळ स्थिर असते. अशा वेळी लोलक पुरेसा फिरत नाही, रोज थोडी थोडी तूट साचते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे घड्याळ बंद पडलेले सापडते. ते बिघडले, असे समजू नका आणि स्वतःच्या हालचाली कमी झाल्या म्हणून मनालाही लावून घेऊ नका. खुर्चीत बसून काम करणाऱ्या तरुणांच्या घड्याळांचेही हेच होते. पूर्ण ताणलेली स्प्रिंग साधारण ४० तास चालते, तेव्हा तुमची जुनी सवय तशीच चालू ठेवलीत की प्रश्न मिटतो. खरे सांगायचे तर, ती सवय सुटू नये म्हणूनच मी तुमच्यासाठी सेलचे घड्याळ घेतले नाही.

सर्वांत जास्त काळजी तारीख आणि वार लावताना घ्यायची आहे. माझ्या पहिल्या ऑटोमॅटिक घड्याळाची तारीख मी रात्री ११ वाजता बदलली होती. दुसऱ्या दिवसापासून ती दोन अंकांच्या मध्येच अडकून बसली. घड्याळजींनी ते उघडून मला आतले तारखेचे चक्र दाखवले. रात्री ९ च्या सुमारास आतले एक दातेरी चाक त्या चक्रात गुंतू लागते आणि पहाटे ४ पर्यंत तारीख व वार दोन्ही पुढे सरकवून बाजूला होते. या मधल्या वेळात आपण चावीने तारीख ढकलली तर दोन ओढींमध्ये सापडून दाता मोडू शकतो. म्हणून बाबा, चावी आधी पूर्ण बाहेर ओढून काटे साडेसहावर आणा. मग ती एक टप्पा आत ढकला आणि कालची तारीख व कालचा वार लावा. एका दिशेने फिरवल्यावर तारीख आणि उलट दिशेने फिरवल्यावर वार बदलतो. त्यानंतर चावी पुन्हा पूर्ण बाहेर काढून काटे पुढे फिरवत राहा. ज्या क्षणी आजची तारीख येते, तो मध्यरात्रीचा बारा समजायचा आणि तिथून आताच्या वेळेपर्यंत यायचे. दुपार उलटून गेली असेल तर वाटेत बारावरून आणखी एकदा जावे लागेल. ही पद्धत लांबची वाटते खरी, पण तिच्यामुळे सकाळ-संध्याकाळचा घोटाळा होत नाही. नाहीतर तारीख भर दुपारी बदलू लागते. ३१ पेक्षा कमी दिवसांचे महिने वर्षात पाच येतात, तेव्हा वर्षातून पाच वेळा तारीख हाताने पुढे न्यावी लागेल, आणि तीही दिवसाउजेडी.

वेळ सेकंदापर्यंत जुळवायची असेल तर सेकंद काटा बारावर आला की चावी पूर्ण बाहेर ओढा, म्हणजे तो तिथेच थांबेल. मिनिट काटा चार-पाच मिनिटे मागे नेऊन पुन्हा पुढे आणत नेमक्या रेघेवर ठेवा, कारण दातेरी चाकांमधला ढिलेपणा अशाने निघून जातो. मग फोनवरच्या घड्याळात ते मिनिट सुरू होताच चावी आत दाबा.

एवढे करूनही आठवड्याभरात थोडा फरक दिसेल. तुमच्या घड्याळातले चक्र एका सेकंदात सहा ठोके देते, म्हणजे तासाला २१,६०० ठोके. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत वीसेक सेकंद मागे-पुढे होणे हा साध्या ऑटोमॅटिक घड्याळाचा दोष मानत नाहीत. तुम्हाला वहीत नोंदी ठेवायला आवडते, म्हणून एक सुचवते. रात्री घड्याळ काढून ठेवताना एक आठवडा तबकडी वर करून ठेवा आणि दुसरा आठवडा कडेवर, चावी वर येईल असे उभे ठेवा, आणि रोज सकाळी फरक लिहा. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम प्रत्येक स्थितीत वेगळा होतो, त्यामुळे एका स्थितीत घड्याळ किंचित पुढे जाते आणि दुसऱ्या स्थितीत मागे पडते. दिवसभराची चूक रात्रीच्या स्थितीने बरीचशी भरून काढता येते. मात्र ते एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे जाऊ लागले तर बहुधा आतल्या केसासारख्या स्प्रिंगला चुंबकत्व लागलेले असते. फोनचा स्पीकर, पाकिटाचे किंवा फोनच्या कव्हरचे चुंबकी बटण ही त्याची नेहमीची कारणे आहेत. घड्याळजी ते चुंबकत्व काही क्षणांत काढून देतात, पण रात्री घड्याळ फोनवर किंवा फोनला चिकटून ठेवायचेच नाही, हे जास्त सोपे.

आई, तुझे घड्याळ सेलवर चालणारे क्वार्ट्झ आहे. चावीखाली प्लास्टिकची जी छोटी पट्टी आहे, ती काढून चावी आत दाबली की ते सुरू होईल. सेल वाया जाऊ नये म्हणून ती लावलेली असते. आत क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, त्या एकावर तुझा सेकंद काटा पुढे सरकतो. महिन्याला १५-२० सेकंदांपलीकडे फरक पडू नये. सेल दोन-तीन वर्षे टिकेल. तो संपत आला की सेकंद काटा दर सेकंदाला न सरकता दोन-दोन सेकंदांच्या उड्या घेऊ लागेल. ती खूण दिसली की थोड्याच दिवसांत सेल बदलून घे, आणि बंद पडलेले घड्याळ तसेच कपाटात ठेवू नकोस, कारण संपलेला सेल पाझरला तर आतले सारे खराब होते. कपाटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, चांगल्या वस्तू जपून ठेवण्याची तुझी सवय या घड्याळापुरती बाजूला ठेव. मोठे अंक आणि पांढऱ्या तबकडीवरचे काळे काटे मी तुला रोज चष्म्याशिवाय वेळ दिसावी म्हणून निवडले आहेत.

तुझ्या पट्ट्याला घडीचे बकल आहे. एकदा तुझ्या मापाचे भोक ठरवले की रोज पिन ओवायची गरज नाही. सकाळी बोटे आखडलेली असली तरी कडी दाबून ते बंद करता येईल, आणि बंद करताना पट्ट्याचे कडे अखंड राहत असल्यामुळे घड्याळ हातातून खाली पडत नाही. पट्टा चामड्याचा आहे, म्हणून पाणी आणि घाम यांपासून जप. तेल किंवा क्रीम लावलेस तर ते त्वचेत जिरू दे आणि मग घड्याळ बांध. पट्ट्याखाली करंगळीचे टोक सहज सरकले पाहिजे. तुझी त्वचा आता नाजूक झाली आहे आणि संध्याकाळी मनगट थोडे सुजते, तेव्हा सकाळी बेताचा वाटणारा पट्टा रात्री रुतू शकतो, म्हणून माप संध्याकाळीच घे. बाबांच्या स्टीलच्या साखळीच्या जास्तीच्या कड्या मी काढून डब्यात ठेवल्या आहेत. त्या हरवू देऊ नका.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. बाबांच्या घड्याळामागे ५० मीटर आणि आईच्या घड्याळामागे ३० मीटर लिहिले आहे. हे आकडे स्थिर पाण्याच्या दाबाच्या चाचणीचे असतात. ३० मीटरचा खरा अर्थ एवढाच की हात धुताना चार थेंब उडाले तर चालतील. अंघोळीला दोघांनीही घड्याळ काढून ठेवावे, कारण गरम पाणी, वाफ आणि साबण यांनी आतल्या रबरी कड्या हळूहळू निकामी होतात. चावी बाहेर ओढलेली असताना तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. काचेच्या आतून धुके दिसले तर ते आपोआप जाईल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी घड्याळजींकडे न्या.

काच कोरड्या हाताने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. धुळीतल्या वाळूच्या कणांची कठीणता मोह्‌सच्या मापात ७ असते आणि आईच्या घड्याळाच्या साध्या काचेची ५ ते ६, त्यामुळे पुसतानाच ओरखडे उठतात. आधी फुंकर मारा, मग मऊ कापड फिरवा. बाबांची काच नीलमणी स्फटिकाची, ९ कठीणतेची आहे. तिच्यावर सहजी ओरखडा उठणार नाही, पण फरशीवर पडली तर ती फुटू शकते. म्हणून घड्याळ नेहमी पलंगावर बसून काढा-घाला.

ऑटोमॅटिकचे तेल-पाणी साधारण चार-पाच वर्षांनी करावे लागते. ते काम माझ्याकडे राहू द्या.

बाबा, पहिल्या सात दिवसांच्या नोंदी मला रविवारी फोनवर वाचून दाखवा. आणि आई, रात्री दिवा न लावता तुला काटे दिसतात की नाही, ते नक्की सांग. दिसत नसतील तर काट्यांना चकाकी असलेले दुसरे घड्याळ मी शोधून ठेवले आहे आणि हे बदलून मिळण्याची मुदत अजून संपलेली नाही.

तुमची,
लेक