सूचना : पिल्लांसाठी तात्पुरती घरं हवी आहेत
सर्व सदस्यांना नमस्कार.
मांजरांच्या विणीचा हंगाम सुरू होतोय. निवारा केंद्रातले पिंजरे भरले की केवळ जागेअभावी धडधाकट प्राण्यांनाही दयामरण दिलं जातं. हे टाळता येतं, म्हणूनच ते जास्त सलतं. सर्वांत आधी जीव जातो तो आईविना आलेल्या पिल्लांचा. त्यांना दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा, बाटलीने पाजावं लागतं आणि केंद्रात तेवढे हात नसतात. काही आठवडे पिल्लं घरी सांभाळू शकत असाल तर आजच नाव कळवा. गाईचं दूध मात्र देऊ नका, पोट बिघडतं.
घरच्या मांजरीची नसबंदी लांबवू नका. ती ४ महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते.
बाहेर गुबगुबीत, शांत झोपलेली पिल्लं दिसली तर लगेच उचलू नका. आई बहुधा जवळपासच असते.