अभ्रा उसवला गं!

प्रिय सुमे,

तुझा मेसेज आला तेव्हा मी उशीचा अभ्रा उसवत बसले होते, रिप्लाय राहिलाच, म्हटलं आता सरळ पत्रच लिहू.

अगं मागच्या महिन्यात इंग्लंडात टेम्सकाठचं केल्म्स्कॉट मॅनर बघून आले, विल्यम मॉरिसचं घर, तो कापडांची नक्षी काढणारा इंग्रज डिझायनर. त्याच्या पलंगाला भरतकामाचे पडदे आहेत, डिझाईन त्याच्या मुलीचं, मे मॉरिसचं. वडिलांच्या कंपनीतलं सगळं भरतकाम तिने १८८५ मध्ये हातात घेतलं तेव्हा ती २३ वर्षांची होती, आपण त्या वयात नुसते फॉर्म भरत होतो!

पण मी अडकले ते मॉरिसने स्वतः भरलेल्या १८५७ च्या कापडापाशी. लोकरीची झाडं, पक्षी आणि 'इफ आय कॅन', म्हणजे 'जमलं तर', परत परत. टाके चक्क ओबडधोबड गं, जीव भांड्यात पडला माझा. तेव्हा घरोघरी चौकटी मोजून भडक लोकरीची फुलं भरायचे, ते याला आवडेना, म्हणून तो आणि बायको जेन जुनी भरतकामं उसवून उसवून टाके शिकले.

मग काय, मीही घरी येऊन उसवलं. अभ्र्यावर भरलेली माझी पानं स्टिकर चिकटवल्यासारखी दिसत होती, कारण आडवे टाके भरून धागा घट्ट ओढलेला. आता लांब-आखूड टाका घेते, कडेपासून मधल्या शिरेकडे तिरका उतरत, पुढची ओळ आधीच्या टाक्यांच्या फटीत घुसवायची, मग दोन हिरवे एकमेकांत मिसळतात, जोड दिसतच नाही. आणि रेशमी धाग्याची दिशा जरा वळवली की त्याच रंगाची छटा बदलते, सावली वेगळी भरायलाच नको. एका पानाला पाऊण तास जातो, भाजी करपली ते वेगळं.

हां, कामाचं राहिलंच. इंग्लंडातल्याच लीक नावाच्या गावात थॉमस वॉर्डल म्हणून रंगारी होता, तो भारतातलं टसर रेशीम रंगवायचा, छापायचा, आणि त्याच्या बायकोने, एलिझाबेथने, १८७९ मध्ये भरतकाम करणाऱ्या बायकांची सोसायटी काढली, त्या बायका त्याच्या छापील टसरवर भरायच्या. टसर म्हणजे कोसाच की गं, तुमच्या भंडाऱ्याचा! भाऊजी डिसेंबरात येतायत ना, त्यांच्याबरोबर दोन मीटर पाठव, ब्लीच केलेला नको, मूळ मधासारख्या रंगाचा. पैसे जीपे करते, नाही म्हणू नकोस.

तुझीच,
मंजू