सगळे आकडे आयते दिले, तर निर्णय शिकणार कधी?

संपादक महोदय,

अभियांत्रिकी अर्थशास्त्राच्या पेपरात यंत्राची किंमत, आयुष्य, मागणी, व्याजदर सगळे आयतेच दिलेले असते. विद्यार्थी आकडे सूत्रात घालतो, निव्वळ वर्तमान मूल्य (पुढच्या सगळ्या जमाखर्चाचे आजचे मोल) काढतो आणि पैकीच्या पैकी गुण घेतो. पुढे कामावर यातला एकही आकडा कुणी त्याच्या हातात देत नाही. अनिश्चिततेचे प्रकरण बहुधा शेवटी येते आणि वेळ कमी पडला की तेच गाळले जाते. ते पहिल्या आठवड्यापासून शिकवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सरासरीवर विसंबता येत नाही, हे एका तासात दाखवता येते. समजा, वर्षाला मागणी ६०, १०० किंवा १४० नग राहील आणि तिन्ही शक्यता सारख्याच आहेत. विकलेल्या नगामागे पैशाचे ५ एकक सुटतात. क्षमतेचा खर्च, ती वापरा वा न वापरा, नगामागे ४ एकक. सरासरी मागणी १००, म्हणून विद्यार्थी १०० नगांची क्षमता सुचवतो आणि नफा १०० एकक मांडतो. पण मागणी १४० झाली तरी विक्री १००च्या वर जात नाही, आणि ती ६०वर आली की ४० नगांची क्षमता पडून राहते. सरासरी विक्री ८६.७ भरते, नफा ३३ एककांवर उतरतो. ६० नगांचा लहान कारखाना मात्र ६० एकक हमखास देतो!

याच गणिताला पुढचा प्रश्न जोडावा: मागणी आधीच अचूक सांगणाऱ्या पाहणीवर जास्तीत जास्त किती खर्च करावा? मागणी कळली तर तेवढीच क्षमता बांधता येते. मग नफा ६०, १०० किंवा १४०, म्हणजे सरासरी १००. तेव्हा अचूक माहितीचे मोल १०० वजा ६०, म्हणजे ४० एकक. प्रत्यक्षातली पाहणी अचूक नसते, म्हणून तिला त्याहून कमीच द्यायचे. आम्हाला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण माती परीक्षण असो की प्रायोगिक संयंत्र, त्यावरचा खर्च याच हिशेबाने ठरवायचा असतो.

अर्थात, ‘एक तृतीयांश’ शक्यता आली कुठून, हे विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. शक्यता माहीत असणे आणि त्याच माहीत नसणे, हा फरक अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच मांडला होता. अंदाजाचाही सराव हवा. मोजता येतील अशा दहा गोष्टी द्याव्यात आणि प्रत्येकीसाठी ९० टक्के खात्रीचा पल्ला (कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती) लिहून घ्यावा. नऊ पल्ल्यांत खरे उत्तर सापडायला हवे. सुरुवातीला बहुतेकांचे बरेच कमी सापडतात, कारण पल्ले फार अरुंद धरलेले असतात.

स्प्रेडशीटवर सिम्युलेशन (आकडे पुन्हा पुन्हा बदलून निकाल पाहणे) आता कोणीही चालवतो, चूक होते ती आतल्या गृहीतकात. खर्चाच्या दहा बाबी, प्रत्येकीचे प्रमाण विचलन (सरासरीपासून आकडे साधारण किती हलतात त्याचे माप) १०. त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या की एक वाढते तेव्हा दुसरी घटून सावरून घेते, आणि एकूण विचलन ३२च्या आसपास येते. पण इंधन महागले की पोलाद, सिमेंट, वाहतूक एकदमच महागतात. सगळ्या बाबी पूर्णपणे जोडीने हलल्या तर तेच विचलन १०० होते.

जोखीम आहे म्हणून डिस्काउंट रेट (पुढची रक्कम आजच्या मोलात आणताना धरायचा वार्षिक दर) वाढवून मोकळे होण्याची सवयही मोडायला हवी. ३० वर्षांनी प्रकल्प मोडीत काढायला १०० एकक लागणार असतील, तर त्यांचे आजचे मूल्य ६ टक्के दराने १७.४ आणि १२ टक्के दराने जेमतेम ३.३. खबरदारी म्हणून दर वाढवला आणि पुढचा खर्चच दिसेनासा झाला.

परीक्षेत एक तरी प्रश्न मागणी आणि किंमत न देता विचारावा. विद्यार्थ्याने पल्ला मांडावा, तो कशावरून धरला ते दोन ओळींत लिहावे, निर्णय घ्यावा आणि कोणता आकडा कुठवर सरकला तर तो निर्णय फिरेल तेही सांगावे. गुण या मांडणीला असावेत. तपासायला वेळ जास्त लागेल, म्हणून सुरुवातीला पेपरात असा एकच प्रश्न ठेवला तरी चालेल.

— अभियांत्रिकी अर्थशास्त्राचे काही अध्यापक