दिवाळीला येशील तेव्हा आलू लावून टाक

प्रिय गड्या,

तुझा फोन आला तेव्हाच लिहायला बसणार होतो, पण सोयाबीनच्या गडबडीत जमलंच नाही. आज थ्रेशर गेलं, आता जरा निवांत आहे. काकूंसाठी तू पुण्याची नोकरी सोडून गावात राहायला येतोय हे ऐकून लय बरं वाटलं लेका. काकूंच्यानं आता होत नाही म्हणून तुमची सांदवाडी, म्हणजे घरामागची वाडी, पडीक पडलीय, तिथं काय लावू विचारत होता ना, तर माझं ऐक, आलू लाव.

लोक म्हणतील आपल्या उन्हाच्या मुलखात आलू कुठं होतो बाप्पा. होतो, फक्त त्याला आपला हिवाळा पुरता मिळाला पाहिजे, सगळा खेळ तेवढाच आहे. रात्रीचं तापमान 20 डिग्रीच्या खाली उतरलं की जमिनीत आलू नीट धरतो, रात्री गरम राहिल्या तर झाड नुसतं पाल्यावर जातं आणि खाली काहीच नाही. आपल्याकडे अशा रात्री नोव्हेंबर ते जानेवारी, फार तर अर्धा फेब्रुवारी. म्हणून दिवाळीच्या आसपास बेणं जमिनीत गेलंच पाहिजे, डिसेंबर उजाडू देऊ नको. पाहुणे गेले की लावू असं म्हणशील तर हातची थंडी जाईल.

जात लवकर येणारी घे. कुफरी पुखराज 70 ते 90 दिवसांत निघतो, तो आपल्या हिवाळ्यात बसतो. कुफरी सूर्या मिळाला तर अजून चांगलं, सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं तो गरमी सोसणारा म्हणूनच काढलाय. बाजारातले खायचे आलू मात्र लावू नको, काहींना कोंब फुटू नये म्हणून औषध मारलेलं असतं आणि त्यांच्यासोबत कोणता रोग घरात येईल सांगता येत नाही. बेणं कापून लावतात, राख लावून सावलीत सुकवतात, ते सगळं खरं, पण दिवाळीत आपली जमीन अजून गरमच असते आणि कापलेल्या फोडी त्या उबेत सडतात. त्यापेक्षा लिंबाएवढे अख्खे, डोळे फुटलेले आलू लाव.

आता आपली काळी माती. ओली असली की फावड्याला चिकटून येते, वाळली की भेगा पडतात, आलूला दोन्ही नको. आधी जुनं कुजलेलं शेणखत भरपूर टाक, नाल्याकडची वाळू मिळाली तर दोन-चार घमेली तीही मिसळ, आणि सपाट वाफ्यात न लावता वरंब्यावर लाव, दोन ओळींत दीड-दोन फूट, दोन झाडांत वीतभर. मागच्या साली जिथं वांगी, टमाटर, मिरची होती तो कोपरा सोड, सगळं एकाच खानदानातलं पीक आहे, रोगही तेच.

झाडं वीतभर झाली, म्हणजे महिनाभरात, की बुडाशी माती चढव. हे काम टाळू नको, मी काहून इतकं सांगतोय ते ऐक. आलू उघडा पडला, ऊन लागलं की हिरवा होतो, कडू होतो, त्यात विष तयार होतं, तो खायचा नसतो. आणि मातीला भेग पडली की तिच्यातून पाकोळीची, म्हणजे आलूवरच्या पतंगाची, अळी थेट आलूत शिरते, मग कापून पाहिलं तर आत काळी भोकं. मी माती चढवली की वरून सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, जाड थर देतो. कुटार आत्ताच निघतं, ढीग पडलेलेच असतात, त्याखाली जमीन थंड राहते आणि भेगाही कमी पडतात. तुझ्यासाठी चार पोती वेगळी काढून ठेवलीत.

पाणी हलकं दे, सरीतून, वरंबा बुडवू नको. कुटार सारून बोट दोन पेरं खाली घाल, आत ओल लागली तर थांब. ढगाळ दिवस आले की रोज पाला उलटवून पाह्यचा, करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे, डाग दिसले तर ती पानं तोडून गावाबाहेर फेकायची, जास्त वाटलं तर मॅन्कोझेब हे बुरशीचं औषध 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम टाकून फवार.

पाला पिवळा पडला की पाणी बंद, मग पाला कापून आठ-दहा दिवस आलू तसेच जमिनीत राहू दे, साल पक्की होते, तेव्हाच टिकतात. पण काकूंसाठी त्याच्या आधीच एखाद्या झाडाच्या बुडातली माती हातानं सारून दोन-तीन कवळे काढ. साल इतकी पातळ असते की अंगठ्यानं घासली तरी निघते. चुलीतल्या विस्तवात भाज, वरून मीठ-तिखट आणि कच्चं तेल. त्यांचं जेवण कमी झालंय म्हणालास ना, हे खातील बघ.

आपल्या आठवडी बाजारात आलू येतो उत्तर प्रदेशातून नाहीतर छिंदवाड्याकडून, आणि आपल्या घरी विहिरीला पाणी असून आपण थैली घेऊन उभे. मला हे खरंच खटकतं रे. एका झाडाला पाव ते अर्धा किलो धर, तुमच्या सांदवाडीत दोघांना उन्हाळा लागेपर्यंत पुरेल.

बेणं मी दोघांचं सोबतच मागवतो, फक्त वाडी किती लांब-रुंद आहे ते काकूंना पावलांनी मोजायला सांग आणि कोजागिरीच्या आत कळव. पोचलास की सरळ इकडंच ये, फावडं माझ्याकडचं ने, तुमच्याचा दांडा तुटलाय.

तुझाच,
गाववाला दोस्त