रोज तेच पाणी?

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की जलशुद्धीकरण केंद्रात रोज तेच पाणी, तीच तुरटी, तेच रजिस्टर, मग मन रमतं तरी कसं? फोनवर याचं उत्तर देणं अवघड आहे, कारण ते बरंचसं आकड्यांत आहे आणि तिसऱ्या आकड्याला आई ‘जेवलीस का’ विचारते. म्हणून सावकाश लिहिते.

आधी एक गैरसमज काढून टाका. पाणी रोज तेच नसतं. उन्हाळ्यात धरणातून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा पाच-दहा एनटीयू असतो (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं माप). पावसाळ्यात नदीला लोंढा आला की काही तासांत तो शेकड्यांत जातो. साध्या डोळ्यांना पेल्यातला गढूळपणा जाणवायला लागतो तो साधारण पाचच्या पुढे. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो 1 पर्यंत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे जे डोळ्यांना स्वच्छ दिसतं तेही आमच्या लेखी स्वच्छ नसेल.

आणि गंमत म्हणजे गढूळ पाण्यापेक्षा थंडीतलं नितळ पाणी जास्त छळतं. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटी तो भार मोडते आणि चिकट पुंजके तयार होतात. आमच्याकडे त्याला फ्लॉक म्हणतात. कण भरपूर असले की एकमेकांवर आदळतात, पुंजका जड होतो आणि तळाशी बसतो. कणच थोडे असले तर आदळायचं कुणी कुणावर? त्यात गार पाण्यात सगळंच संथ चालतं. आजी माठात तुरटी फिरवायची, त्याआधीच्या पिढ्या निवळीची बी घासून घालायच्या, तेव्हा त्यांनाही हे अनुभवानं ठाऊक असणार.

माझ्या कामातला रस मुख्यतः एका यंत्राभोवती आहे. जार टेस्टचं यंत्र, म्हणजे पाण्याला तुरटी किती लागेल ते काढायचं. एक-एक लिटरचे सहा पेले, प्रत्येकात फिरणारं पातं. 10 ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करायचं. त्यातलं 1 मिलिलिटर एका पेल्यात घातलं की लिटरमागे 10 मिलिग्रॅम डोस झाला. सहा पेल्यांत 10, 20, 30 असे चढते डोस घालायचे. मिनिटाला 100 फेऱ्यांनी एक मिनिट जोरात ढवळायचं, मग 30-40 फेऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटं हळू, मग यंत्र बंद करून अर्धा तास स्वस्थ ठेवायचं. वरचं पाणी हलकेच काढून गढूळपणा मोजायचा. ज्या पेल्यानंतर तुरटी वाढवूनही फारसा फरक पडत नाही, तो आपला डोस. आई, तू आमटी वाढण्याआधी पळीभर हातावर घेऊन चाखतेस, तोच प्रकार. फक्त इथे आमटी एक कोटी लिटर असते.

आता यात मन कसं घालायचं? टेस्ट लावण्याआधी कच्च्या पाण्याचा गढूळपणा, पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा), तापमान आणि आकाशाचा रंग बघून डोसचा अंदाज पेन्सिलीनं वहीत लिहायचा. मग टेस्ट करायची. उत्तर तासाभरात समोर येतं. अंदाज 40 आणि पेला सांगतो 25, तर का चुकला याचा शोध सुरू होतो: वरच्या अंगाला पाऊस कुठे झाला, धरणाचं कुठल्या पातळीवरचं दार उघडलं, शेवाळं वाढलंय का. अंदाज लिहिला नाही तर जार टेस्ट म्हणजे नुसती पेले धुण्याची कटकट. लिहिला की ती पैज होते. नव्या मुलांना मी ही वही पहिल्या दिवशी देते, बाकीचं नंतर शिकवते.

या पैजेला पैशांचीही बाजू आहे. रोज एक कोटी लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात डोस लिटरमागे फक्त 5 मिलिग्रॅमनं जास्त ठेवला, तर दिवसाला 50 किलो तुरटी फुकट जाते. 30 मिलिग्रॅमचा डोस म्हणजे दिवसाला 300 किलो, तासाला साडेबारा. टाकीत दहा टक्क्यांचं द्रावण केलं असेल तर मिनिटाला दोन लिटरहून किंचित जास्त धार पडायला हवी. ती पडते की नाही हे मोजपात्र आणि घड्याळ घेऊन बघायचं. पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तुरटीतला गाळ नळीत बसतो, काटा तिथेच राहतो आणि धार बारीक होते. प्रयोगशाळेत अचूक काढलेला डोस अशा तुंबलेल्या नळीत वाया जातो. बाबा, डेपोत तुम्ही गाडीचं अ‍ॅव्हरेज वहीत उतरवायचात आणि कमी पडलं की आधी डिझेलची गळती बघायचात, त्यामुळे हे तुम्हाला सांगायला नकोच.

पावसाळ्यातली एक चूक मात्र भल्याभल्यांकडून होते. तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाते. 10 मिलिग्रॅम तुरटीमागे सुमारे 5 मिलिग्रॅम. पावसाच्या पाण्यानं नदीची क्षारता आधीच पातळ झालेली असते. त्यात 60चा डोस गेला की क्षारता संपत येते, पीएच घसरतो आणि फ्लॉक धरतच नाही. ऑपरेटरला वाटतं तुरटी कमी पडली; तो आणखी घालतो आणि पाणी आणखी बिघडतं. उपाय उलटा असतो: तुरटीच्या आधी चुना, 10 मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण 4 मिलिग्रॅम. ते जमणार नसेल तर तुरटीऐवजी पॉलिअल्युमिनियम क्लोराइड, त्यानं पीएच कमी उतरतो. हे एकदा उमगलं की पीएच मीटर रोज प्रमाणित करायचा कंटाळा आपोआप जातो, कारण तो आकडा कशासाठी लागतो हे कळलेलं असतं.

हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1970च्या दशकात मांडलं होतं की काम स्वतःहून करावंसं वाटायला पाच गोष्टी लागतात: कौशल्यांची विविधता, एखादं काम अख्खं आपलं असणं, त्याचं दुसऱ्यांना महत्त्व, निर्णयाची मोकळीक आणि काम कसं झालं हे कामातूनच कळणं. नोकरीवर भाषण देणारे लोक तिसरीवर फार जोर देतात, तुम्ही समाजसेवा करताय वगैरे. ते खोटं नाही. माणशी 135 लिटर या शहरी मापानं एक कोटी लिटर म्हणजे 74 हजार माणसांचं पाणी. पण पहाटे चार वाजता हा आकडा कुणालाही खुर्चीतून उठवत नाही. उठवते ती पाचवी गोष्ट. माझी वही पाचवीसाठी आहे.

दुसरीसाठी फिल्टर वाटून द्यावे लागतात. सगळे फिल्टर सगळ्यांचे असले की कुणाचाच नसतो. एका ऑपरेटरला एक फिल्टर नेमून दिला की तो त्याच्या खोड्या ओळखायला लागतो. जलद वाळूच्या फिल्टरमध्ये साठ-सत्तर सेंटिमीटर वाळू असते, खाली गोटे. पाणी गाळता गाळता वाळू भरत जाते आणि पाण्याला खाली उतरायला जास्त दाब लागतो. हा दाबाचा फरक, पाण्याच्या उंचीत मोजून, दोन मीटरच्या आसपास गेला की फिल्टर धुवायचा. आधी तीन-चार मिनिटं खालून हवा, मग उलटं पाणी, वरून नितळ पाणी पडेपर्यंत, साधारण दहा मिनिटं. घाईनं धुतलं की वाळूत चिखलाचे गोळे धरतात आणि पुढे कितीही धुवा, जात नाहीत. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर वाळूच नाल्यात वाहून जाते. धुतल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं फिल्टर नीट गाळत नाही, म्हणून शक्य असेल तिथे तेवढं पाणी बाहेर सोडतात.

वीसेक चौरस मीटरच्या एका फिल्टरला एका धुण्यात सव्वा लाख लिटर पाणी जातं. असे चार फिल्टर रोज धुतले तर पाच लाख, म्हणजे एक कोटीतले पाच टक्के. फ्लॉक आधीच नीट बसवला आणि फिल्टर दोन दिवस चालला, तर अडीच लाख लिटर वाचतात. ते साडेअठराशे माणसांचं रोजचं पाणी झालं. आपला फिल्टर 40 तास चालला आणि शेजाऱ्याचा 28, ही गोष्ट ऑपरेटर चहाच्या टपरीवर सांगतो. त्याला प्रेरणा द्यावी लागत नाही. मात्र तास वाढवायच्या नादात बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वर गेला तर दाब काहीही असो, फिल्टर ताबडतोब धुवायचा, हे तिथे पाटीवर लिहिलेलं असावं लागतं. चढाओढीला कुंपण हवंच.

रजिस्टरचं दुखणं सगळीकडे सारखंच. दर तासाला नोंद करायची म्हटलं की पहाटे दोनची नोंद पाहून तीनची, चारची भरली जाते. ओळीनं तेच आकडे दिसले की समजावं, माणूस उठलेला नाही. रागावून उपयोग नसतो. आलेख कागदावर दाबाच्या फरकाचा ठिपका दर तासाला मांडायला लावला की रेघ स्वतःच बोलते: तिरकी चढली तर वाळू भरतेय, एकदम सपाट झाली तर मीटर अडकलाय, खाली आली तर वाळूला तडा गेला असेल. ठिपका खोटा टाकला तर रेघेत लगेच उठून दिसतो.

रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच शरीरच झोपेकडे ओढतं, तिथे मनोबल काय करणार. म्हणून बसून करायचे हिशेब पाळीच्या सुरुवातीला ठेवायचे आणि चालायच्या फेऱ्या, फिल्टर धुणं, धार मोजणं पहाटेला. शेवटचा चहा दोनच्या आत, नाहीतर घरी जाऊन झोप लागत नाही. जेवण हलकं.

क्लोरीनच्या खोलीत मात्र मजा शोधायची नाही. तिथे रोज तेच असणं हीच चांगली गोष्ट. हा वायू हवेपेक्षा अडीच पट जड, जमिनीलगत साचतो, म्हणून पंखा खाली लावतात. गळती शोधायला अमोनियाचा बोळा फिरवतात. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी मारायचं नाही, त्यानं आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. पळायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध आणि उंचावर. या खोलीत अंदाजाची वही चालत नाही, इथे यादी वाचून एकेक खूण करायची.

आई, तू म्हणतेस नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. तो येतोय तोवर निर्धास्त राहा. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा नियम आहे. रस्त्यात कुठे पाइप फुटून घाण शिरली तर तेवढंच राखणीला असतं. वास नको असेल तर पातेल्यात भरून, वर स्वच्छ फडकं टाकून रात्रभर ठेव. मग मात्र ते पाणी दोन-दोन दिवस वापरू नकोस. गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, तिचं पोतं उघडं राहिलं की दमट हवेत तिची ताकद उडते. ताजी असताना सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, महिना-दोन महिन्यांनी किती उरेल सांगता येत नाही. बाबा, ग्रामपंचायतीत जाल तेव्हा पोत्याचं तोंड बांधलंय का आणि ते जमिनीवर ठेवलंय की फळीवर, एवढं बघा.

एक गोष्ट या सगळ्या युक्त्यांनी सुटत नाही. कंत्राटी ऑपरेटरचा पगार दोन-दोन महिने लांबला की ना वही चालते ना आलेख. पोटाची काळजी असलेल्या माणसाला कामात रस घ्या म्हणणं मला अश्लील वाटतं. तिथे साहेबाचं पहिलं काम पगाराच्या फाइलीमागे धावणं, जार टेस्ट त्यानंतर. ते काम मला अजिबात आवडत नाही आणि त्यात रस घ्यायची युक्ती मला ठाऊकही नाही. करावं लागतं.

आता वळीव सुरू झालेत. पहिला लोंढा यायच्या आत चुन्याची पोती फळीवर चढवायची आहेत, टाक्यांमधला गाळ काढायचा आहे आणि पाऊस लागला की जार टेस्ट दर दोन तासांनी. त्यामुळे आषाढीला येणं जमणार नाही. गणपतीला मात्र पाच दिवसांची रजा टाकली आहे. बाबा, तेव्हा नळाचं क्लोरीन तपासायची छोटी पेटी घेऊन येते. पाण्यात गोळी टाकली की गुलाबी रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. सकाळी पाणी आल्यावर रोज एकदा बघत जा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. पट्टीकडे बघण्याआधी अंदाज लिहायचा, आईलाही विचारायचा.

गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या. आई, तू तुझ्या घे, त्यांच्या तेवढ्या आठवण करून देऊन थांबू नकोस.

तुमची,
मनू