घरात माणूस नाही का?

संपादक साहेब, नमस्कार,

परवा १० डिसेंबरला मानवी हक्कांच्या इतिहासावर तुम्ही अख्खं पान दिलं होतं, चहा गार होईपर्यंत वाचत बसले. १२१५ चा मॅग्ना कार्टा होता, १७८९ चा फ्रान्सचा जाहीरनामा होता, एलिनॉर रूझवेल्टबाईंचा फोटो पण होता, फक्त आपल्या हंसाबेन मेहता कुठेच नाहीत! पुण्या-मुंबईकडे राहून गेलं असतं तर समजू शकते, पण बडोद्याच्या पानावर?

हंसाबेनचे वडील मनुभाई मेहता सयाजीराव महाराजांचे दिवाण, आणि त्या स्वतः बडोदा कॉलेजच्या ग्रॅज्युएट. १९४७-४८ मध्ये युनोच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या, आणि तिथे अध्यक्ष रूझवेल्टबाई सोडल्या तर बाई म्हणून या एकट्याच. हा आयोग मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा लिहीत होता, त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'ऑल मेन' असं होतं. रूझवेल्टबाईंचं म्हणणं, त्यात बायका आल्याच, सगळ्यांना कळतं ते. हंसाबेन म्हणाल्या नाही, काही देश याचा शब्दशः अर्थ घेतील आणि बायकांना बाहेर ठेवतील. शेवटी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं आणि १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये तो जाहीरनामा ४८ मतांनी पास झाला, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. (त्याच कलमाच्या शेवटी बंधुभाव मात्र राहिलाच, बहिणींनी तो चालवून घ्यायचा!)

आता कोणी म्हणेल एका शब्दाचं काय एवढं. अहो, तुम्हीच छापलेल्या त्या १७८९ च्या जाहीरनाम्यात 'पुरुष आणि नागरिक' असंच होतं, ओलँप द गूज नावाच्या बाईने १७९१ मध्ये बायकांसाठी वेगळा जाहीरनामा लिहिला, दोन वर्षांनी तिला गिलोटिनवर चढवलं, आणि फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९४४ मध्ये.

आणि फ्रान्स कशाला, मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतले एक काका टाकीच्या कामाचा कागद घेऊन आले, दार मी उघडलं, तर माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणतात, "माणूस कोणी नाही का घरात? सही पाहिजे होती." फ्लॅट माझ्या नावावर, मेंटेनन्सचा चेक माझ्या सहीचा, आणि मी दारात उभी. काका वाईट नाहीत हो, आपली मराठीच तशी, 'बाईमाणूस' म्हणताना बाई आधी जोडावी लागते, नुसता माणूस म्हटलं की पुरुषच. हंसाबेन म्हणत होत्या ते हेच.

१९४९ मध्ये आपली एमएस युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हा कुलगुरू त्याच होत्या. माझी मुलगी रोज हंसा मेहता लायब्ररीत अभ्यासाला जाते, त्या दिवशी विचारलं कोण गं या, तर म्हणे, "असतील कोणी, डोनेशन दिलं असेल." तिला तरी काय बोलणार, मलाच हे सगळं चाळिशीनंतर कळलं.

तर पुढच्या वर्षी रूझवेल्टबाईंच्या शेजारी यांचाही फोटो छापा, आणि जरा मोठा छापा, म्हणजे कात्री लावून सोसायटीच्या नोटिस बोर्डावर डकवता येईल, काका रोज सकाळी तिथे उभं राहून सगळं वाचतात.

तुमची एक जुनी वाचक,
दांडिया बाजार, बडोदा