आईची जुनी फाईल

खारघर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून आवराआवर चाललीये, ते ठीक. पण आईची २००९ची रेडिएशनची फाईल रद्दीत घालू नका. "कॅन्सर गेला, आता ते बाड कशाला?" असं आई म्हणाली. फोनवर मला धड सांगता येईना, म्हणून हे पत्र.

आई, तुझं रेडिएशन डाव्या बाजूचं. त्यात थोडे किरण हृदयावरही पडतात आणि त्याचा त्रास झालाच तर कधीकधी बऱ्याच वर्षांनी होतो. स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या स्वीडन-डेन्मार्कमधल्या बायकांचा एक अभ्यास २०१३मध्ये आला. हृदयावर पडलेल्या सरासरी डोसच्या दर ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) हार्ट ॲटॅकसारख्या घटना ७.४ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. बाबा, लगेच पेन्सिल घेऊन बसू नका! ही वाढ मुळातल्या धोक्यावर आहे. तो कमी, तर वाढही कमी. म्हणून तर आईच्या बीपीच्या गोळीसाठी मी इतकी मागे लागते.

हे होतं कशाने, हे आमच्यासारखे प्रथिनांवर काम करणारे शोधतात. ऊतीतली प्रथिनं ट्रिप्सिन नावाच्या, प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने तोडायची, तुकड्यांचं वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं, की कुठलं प्रथिन किती आहे ते कळतं. रशियात उरलमध्ये मायाक नावाचा प्लुटोनियमचा कारखाना आहे. तिथल्या मरण पावलेल्या कामगारांच्या हृदयाच्या जपून ठेवलेल्या ऊती म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी अशाच तपासल्या. जास्त डोस मिळालेल्यांत पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं घटली होती आणि चरबी जाळण्यावर देखरेख करणारं पीपीएआर-अल्फा हे प्रथिन मंदावलं होतं. हृदयाची बरीचशी ऊर्जा चरबीतूनच येते. म्हणजे सरपण आहे, पण चूलच नीट पेटत नाही. आपण आपले फक्त ब्लॉकेजचं बोलत बसतो. अर्थात त्या लोकांनी वर्षानुवर्षं कामावर किरण झेललेले, तुझी गोष्ट वेगळी.

पॅथॉलॉजीत जाऊन करता येईल अशी याची रक्ततपासणी अजून नाही. त्यामुळे कार्डिओलॉजिस्टला जुना डोस कळणं आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करणं, एवढंच आपल्या हातात. शनिवारी मी येते, एकोला बरोबर जाऊ. आणि बाबा, जिन्यात आई मध्येच का थांबते, हे डॉक्टरांना तिचं तिला सांगू द्या. तुम्ही दरवेळी "गुडघे हो" म्हणून मोकळे होता.

तुमची,
मनू